अंगठा लागत नाही म्हणून हाफ डे कापले, आता ॲप टाका म्हणतात. मदत हवी आहे

पंचगंगाकाठ
शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. हजेरीच्या मशीनला अंगठा लागत नाही. गेल्या महिन्यात चार हाफ डे बसले. मी रोज सातच्या आत गेटवर असतोय. आता एचआर म्हणतंय मोबाईलवर ॲप टाका, सेल्फी काढून हजेरी लावा, लोकेशन चालू ठेवा. त्यासाठी फॉर्मवर सही मागितलीय. नाही केली तर चालतंय का? आणि कापलेले पैसे? जरा लवकर सांगा, उद्या फर्स्ट शिफ्टला जायचंय.

उद्यमनगरी
लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं? दुसऱ्याचं नाव येतं का? मशीन कुठल्या कंपनीचं? मी बसवतो ही मशिनं, म्हणून विचारतोय.

पंचगंगाकाठ
पुन्हा प्रयत्न करा म्हणतंय. मशीन काळं आहे.

उद्यमनगरी
काळी सगळीच असतात राव.

मोबाईलडॉक्टर
सोप्पं आहे. आधारचं ॲप उघडून बायोमेट्रिक लॉक करून टाक. कुणी तुझा अंगठा वापरू शकणार नाही.

उद्यमनगरी
त्याला वापरायचाच आहे अंगठा, लागत नाही हीच तर तक्रार आहे. आणि गेटवरच्या साध्या मशीनचा आधारशी संबंध नसतो. बोटाच्या रेघा कुठे संपतात, कुठे फुटतात ते बिंदू आकड्यांत करून मशीन स्वतःच्या मेमरीत ठेवतं. आधार लॉक करून तिथं काही होत नाही.

कायद्याचं_बोला
सही अजिबात करू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०११ च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरली आहे, ती घ्यायला लेखी संमती लागते. संमती म्हणजे नाही म्हणायची मुभा आलीच.

राजारामपुरीची_एचआर
अर्धवट सांगू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ बघा. नोकरीच्या कामासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरता येईल अशी सोय त्यात आहे. आणि कंपन्यांना हौस नसते. आमच्याकडे कार्डं होती तेव्हा एक पोरगा चौघांची कार्डं खिशात घेऊन यायचा, बाकीचे आठला आरामात.

कायद्याचं_बोला
मॅडम, त्या कायद्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि मुख्य तरतुदी त्यापुढे १८ महिन्यांनी लागू. तोवर जुनेच नियम आहेत. एक पोरगा चोर म्हणून चारशे जणांचं लोकेशन?

बावड्याचे_आण्णा
आमच्या ऑफिसात मस्टर होतं. दहा वाजून दहा मिनिटं झाली की साहेब लाल पेनानं रेघ मारायचे. तीन रेघांना एक किरकोळ रजा. मी ३१ वर्षांत दोनदा रेघ खाल्ली, त्यातली एक पुरात, शिवाजी पूल बंद होता म्हणून. मशीन आलं आणि माणूस माणसाला ओळखेना झाला.

फौंड्रीवाला
भावा, फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करायला आहेस का? सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अंगठा लागतो आणि आठवडा सरेल तसा बंद पडतो, असंच ना?

पंचगंगाकाठ
व्हय! तुम्हाला कसं कळलं? वॉचमन मामा ओलं फडकं घेऊन उभारतात, काच पुसतात, माझा अंगठा पण पुसतात. तरी लागंना.

फौंड्रीवाला
ग्राइंडरनं आणि वाळूनं रेघा झिजतात, हाताला आराम मिळाला की परत येतात. मी पण त्यातलाच. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका नोंदवून घे, त्यांना घासणं कमी लागतं. नोंदवायचं सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीच, तेव्हा रेघा स्वच्छ असतात. माझं तीन वर्षं करंगळीवर चाललंय.

उद्यमनगरी
बरोबर. नाहीतर त्याच्या एकट्याच्या नावावर कार्ड चालू करता येतं, बऱ्याच मशिनांत सोय असते. दोन मिनिटांचं काम, एचआरनं सांगितलं पाहिजे फक्त.

राजारामपुरीची_एचआर
मिस पंचचा, म्हणजे मशीनवर हजेरी लागली नाही त्याचा फॉर्म भरला होतास का? सुपरवायझरची सही घेऊन दिला की हाफ डे निघतो.

पंचगंगाकाठ
दिला होता. एचआर म्हणाले ठेकेदाराकडं दे. ठेकेदार म्हणतोय मशीन कंपनीचं आहे, तिकडं जा.

कायद्याचं_बोला
ठेकेदार?! हे आधी सांगायचं की हो!

पंचगंगाकाठ
आमच्यात सगळेच ठेकेदाराकडं आहेत. वेगळं काय सांगायचं त्यात.

कायद्याचं_बोला
फरक पडतो. ठेकेदारानं मजुरी कमी दिली तर ती भरून द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. आणि गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेपुरतीच करता येते. तुम्ही तर हजर होता. पुरावा काय आहे?

पंचगंगाकाठ
पुरावा कुठला? मामा वहीत लिहितात तेवढंच. नाव, आत गेल्याची वेळ, सही.

फौंड्रीवाला
अरे भावा! तोच पुरावा की. त्या चार दिवसांच्या पानांचे फोटो मामांना विचारून काढ. एक अर्ज लिही, दोन प्रती, एक ठेकेदाराला, एक कंपनीला, आणि पोच घे. नाही ऐकलं तर सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहेच.

राजारामपुरीची_एचआर
हे पटलं. ॲपच्या फॉर्मचं म्हणशील तर थेट नकार देऊन गेटवर भांडू नकोस, ठेकेदाराचा माणूस म्हणून पहिला तूच बाहेर जाशील. लेखी विचार: फोटो कुठे ठेवणार, किती दिवस, काम सोडल्यावर कधी पुसणार. टाकावंच लागलं तर लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच दे. सुट्टीला जोतिबावर गेलास ते कंपनीला कशाला कळायला पाहिजे?

बावड्याचे_आण्णा
जोतिबावर रेंज असते का हल्ली?

मोबाईलडॉक्टर
असते. पण बायोमेट्रिक लॉक करूनच ठेव, कधीही चांगलं.

पंचगंगाकाठ
आज करंगळी नोंदवली, दुसऱ्या झटक्यात लागली. वहीचे फोटो काढले. एका दिवशीच्या पानावर चहा सांडलाय, वेळ दिसत नाही, तीनच दिवसांचं मिळतंय. अर्जाची पोच ठेकेदारानं दिली, कंपनीनं नाही. फॉर्मवर अजून सही केलेली नाही.

उद्यमनगरी
पण मशीन कुठल्या कंपनीचं ते सांगितलंच नाहीस.