पळसाची फांदी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही, काय चुकतंय?

प्रश्न (लातूर)
शेताच्या बांधावर पळस फुललाय. दुपारी फांदी तोडून पितळी तांब्यात ठेवली की दिवेलागणीला खाली फुलांचा सडा. पाणी बोअरचं. पाडव्यापर्यंत बैठकीत काहीतरी फुललेलं हवं, पण फार खटाटोप नको.

बांधकरी
दुपारी तोडता, तिथंच घोळ. उन्हात फांदी आधीच तहानलेली असते; कापली की तिच्या बारीक नळ्यांत हवा शिरते आणि मग पाणी वर चढत नाही. दिवस उगवायच्या आत जा, बादली सोबत न्या. घरी आल्यावर टोक पाण्यात बुडवूनच धारदार सिकेटरनं (फांद्या छाटायच्या कात्रीनं) 2-3 सेंमी तिरकं कापा. दोन-तीन तास अंधाऱ्या खोलीत बादलीतच राहू द्या, मगच मांडा. पाण्यात बुडणारी पानं-कळ्या काढून टाका.

फांदी निवडताना मखमली तपकिरी कळीतून केशरी टोक डोकावतंय का बघा. अगदी घट्ट कळी घरात बहुधा उमलत नाही, आणि पूर्ण फुललेली गळणारच.

1 लिटर पाण्याला 1 चमचा साखर, 1 चमचा लिंबाचा रस, पाव चमचा साधं ब्लीच. रस आधी पाण्यात, ब्लीच नंतर. दोन्ही थेट एकत्र करायचे नाहीत. नुसती साखर घातली तर जंतू माजतात, टोक बुळबुळीत होऊन बंद पडतं. पाणी एक दिवसाआड बदला.

घंगाळ
वरचं सगळं बरोबर, पण पितळी तांब्यात लिंबू? कळकेल की! आत स्टीलचा पेला बसवा, भोवती खडे भरा, म्हणजे जड फांदी कलंडत नाही. टोक हातोडीनं चेचू नका, चेचलेली साल लवकर कुजते. कूलरच्या झोतापासून आणि पिकलेल्या केळी-पपईपासून लांब ठेवा. पिकणाऱ्या फळांच्या वायूनं फुलं गळतात.

तुम्हाला खटाटोप नको, तर पळसाचा हट्ट सोडा. बांधावरचं गिरिपुष्प घ्या: बिनपानांची काठी, फिकट गुलाबी फुलं, दोन काठ्यांत मांडणी होते. मात्र त्याची साल आणि बिया विषारी असतात, लेकरांच्या हाती लागू देऊ नका. बोगनवेल चालते, पण तिची सगळी हिरवी पानं काढा, नाहीतर रंगीत पानं तासाभरात मान टाकतात. काटेसावरीची फांदी आणूच नये. खाली पडलेली ताजी फुलं घंगाळात पाण्यावर सोडा. बहावा एप्रिलमध्ये, आणि तो लोंबतो, म्हणून कपाटावर उंच ठेवा.

प्रश्नकर्ता
आणि गुढीचा कडुनिंब? दहा वाजेपर्यंत मरगळतो.

बांधकरी
कोवळी तांबूस पालवी आधी मरगळते. जून पानांची, मोहोर आलेली डहाळी आदल्या संध्याकाळी तोडा, अर्धा तास अख्खी पाण्यात बुडवा, रात्रभर बादलीत उभी करा. बांधताना टोकाला ओला कापूस आणि वर प्लास्टिक गुंडाळा. साडीखाली दिसत नाही.