नाशकात बसून समुद्राचा प्रोजेक्ट, सरकारी ग्रँट मिळेल का?

सातपूरकर: आम्ही तिघं मित्र समुद्राचं तापमान आणि खारटपणा मोजणारा तरंगता सेन्सर बनवतोय, गंगापूर धरणात चालला, आता समुद्रात उतरवायचाय पण पैसे संपत आलेत. कंपनी मागच्या वर्षीच रजिस्टर केलीय. अर्ज कुठे करू?

अंबडवाला: स्टार्टअप इंडिया सीड फंड बघ, नव्या कंपन्यांना सुरुवातीचा पैसा देणारी केंद्राची योजना. २०२१ मध्ये चार वर्षांसाठी आली होती, म्हणून अजून अर्ज घेतात का ते आधी तपास. डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची मान्यता लागते आणि अर्ज करताना कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, म्हणून आत्ताच हाल. प्रोटोटाइपसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, तीही काम होईल तशी हप्त्याने. पैसे इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेमार्फत येतात, ३ निवडता येतात, तर किनाऱ्यावरचा एखादा घेच.

खारेवारे: दादा, नुसत्या धरणाच्या टेस्टवर अर्ज टिकणार नाही. खारं पाणी नटबोल्ट खातं आणि सेन्सरवर शेवाळ, शिंपले धरले की रीडिंग भरकटतं, त्यावर तुमचा उपाय काय तेच सविस्तर लिहा, अन् ट्रायलच्या बोटीचं भाडं बजेटमध्ये धराच. बॉडी कसली आहे?

सातपूरकर: ३०४ स्टेनलेस.

खारेवारे: ३१६ स्टेनलेस करा, खाऱ्या पाण्यात ते जास्त टिकतं, अन् तेही अर्जाआधीच.