पिसाला देश बसतात तरी कशाला? (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

गोदाकाठ:
काल इथे एकाने लिहिलं, 'पिसा म्हणजे देशांची मेरिट लिस्ट. गोऱ्यांच्या परीक्षेत आपली पोरं नापास करून घ्यायला पैसे कशाला भरायचे?' वर शाबासक्याही मिळाल्या. म्हणून हे उत्तर. (पिसा म्हणजे ओईसीडी या देशांच्या संघटनेची वाचन, गणित, विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी.)

पिसात कुणी नापास होत नाही. १५ वर्षे ३ महिने ते १६ वर्षे २ महिने वयाची, शाळेत असलेली मुलं घेतात. सातवी किंवा पुढची कुठलीही इयत्ता चालते. पटसंख्येच्या प्रमाणात किमान दीडशे शाळा निवडायच्या आणि संगणकावर घ्यायची असेल तर प्रत्येक शाळेतून साधारण ४२ मुलं, तीही चिठ्ठी टाकल्यासारखी. शिक्षकाने हुशार पोरं पुढे करायची सोय नाही. पेपर दोन तासांचा, पण प्रश्नांचे गठ्ठे फिरवून दिलेले, म्हणजे शेजारच्या दोघांचे पेपर वेगळे. त्यातून एकट्या मुलाचे गुण काढण्यात अर्थ नसतो, अंदाज निघतो तो देशाचा.

हे करायचं कशाला? घरच्या परीक्षेत पेपर आपला, तपासनीस आपला, ग्रेस मार्कही आपलेच. जर्मनीचंही घरच्या घरी उत्तम चाललं होतं. डिसेंबर २००१ मध्ये पहिल्या फेरीचा निकाल लागला आणि कळलं, की आपण सरासरीच्या खाली आहोत. वर गरीब घरच्या आणि सुखवस्तू घरच्या मुलांत मोठी दरी. मग १६ राज्यांसाठी समान मानकं ठरली, पूर्ण दिवसाच्या शाळा वाढल्या. घरातलं माणूस सांगतं तेव्हा ऐकू येत नाही, शेजारी बोलला की येतं.

सातपूरकर:
जर्मनी सोयीस्कर आठवली, शांघाय विसरलात! २००९ च्या यादीत चीनच्या मुख्य भूमीतून एकटं शांघाय, २०१८ ला बीजिंग, शांघाय, जिआंगसू, झेजिआंग. आपणही नाशिकचा नुसता सुखवस्तू कॉलेज रोड बसवू, येईल नंबर. आणि व्हिएतनामचं कौतुक करणाऱ्यांनी पाहावं, २०१२ मध्ये त्यांच्या त्या वयाच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्के मोजणीच्या आवाक्यात होती. आदिवासी सुरगाण्याहून निफाडला द्राक्षाच्या कामावर गेलेलं पोर पिसाला दिसतच नाही.

गोदाकाठ:
तो ५६ चा आकडा कुणी छापला? ओईसीडीनेच, अहवालाच्या तक्त्यात. तुम्ही तक्ता वाचलात हे चांगलं झालं. बाकीचे क्रमांक वाचून थांबतात.

खडूफळा:
आपलं काय झालं तेही सांगा ना. २००९ च्या जादा फेरीत हिमाचल आणि तामिळनाडू बसले. निकाल आला, ७४ मध्ये तळाच्या तिनात दोन्ही. गणितात तामिळनाडू ३५१, हिमाचल ३३८, आणि किमान कामचलाऊ समजली जाणारी पातळी सुरू होते ४२० ला. आपण काय केलं? प्रश्न आपल्या सामाजिक-सांस्कृतिक संदर्भात बसत नाहीत म्हणून बाहेर पडलो. ताप मोजला, आवडला नाही, थर्मामीटर फेकला.

एक पालक, पंचवटी:
संदर्भ हे कारण खोटं नाही हो. भाषांतरातच प्रश्न बदलतो. इंग्रजीत 'क्वाड्रिलॅटरल'च्या बाजू किती, हे आठवावं लागतं. मराठीत 'चौकोन' म्हटलं की उत्तर प्रश्नातच आलं.

खडूफळा:
ताई, म्हणूनच दोन भाषांतरकार वेगवेगळं करतात, तिसरा जुळवतो, वर बाहेरचा पडताळणी करतो. मुख्य फेरीआधी चाचणी फेरी होते. एखादा प्रश्न एकाच देशात विचित्र वागला तर त्या देशापुरता वगळतात.

एक पालक, पंचवटी:
आणि आकड्यांचं काय? त्रेपन्न म्हणताना तीन आधी, लिहिताना पाच आधी. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' सुचवलं तर केवढा गहजब केलात सगळ्यांनी!

सातपूरकर:
करणारच. उद्या बावनकुळ्यांना 'पन्नास दोन कुळे' म्हणायचं का?

खडूफळा:
जर्मनही 'तीन-आणि-पन्नास'च म्हणतात.

एक पालक, पंचवटी:
आणि चिनी 'पाच-दहा-तीन'! म्हणून शांघाय वर, जर्मनी खाली. घ्या, सिद्ध झालं.

सातपूरकर:
वा! म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची अंकलिपी बुडवा, की लागलाच पहिला नंबर. आश्रमशाळेत घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं पोर येतं, त्याला त्रेपन्नही परकं आणि पन्नास तीनही परकं. त्याच्याबद्दल बोला की! दोन ओळींचा प्रश्न मराठीत वाचून कळत नाही, तिथे गणिताची पाळीच येत नाही.

गोदाकाठ:
मंडळी, पेपरात संख्या अंकातच छापतात. '५३' मराठीतही ५३ आणि कोकणा बोलीतही ५३. पण सातपूरकरांचा शेवटचा मुद्दा खरा आहे, आणि पिसासोबतची प्रश्नावली नेमकं हेच विचारते: घरात कुठली भाषा, घरी पुस्तकं किती. आपल्या 'परख' या राष्ट्रीय मूल्यमापन केंद्राचं सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ ला तिसरी, सहावी, नववीचं झालं. ते कामाचं आहे, पण त्यातून महाराष्ट्र केरळशेजारी ठेवता येतो, व्हिएतनामशेजारी नाही.

सातपूरकर:
बरं बाबा, बसा. पण २०१९ ला ठरवलं तसं नको. चंडीगड, केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय, म्हणजे निवडून काढलेला माल. (कोविडमुळे फेरी २०२२ वर गेली आणि तेही बारगळलं, सुटलो.) कॅनडा वीस हजारांवर मुलं घेतो ते प्रांत वेगळे दिसावेत म्हणून. तसा अख्खा महाराष्ट्र बसवा, आश्रमशाळांसकट. आहे हिंमत?

खडूफळा:
चला, विरोधकच नमुना आखायला बसले.

सातपूरकर:
आखतोय, कारण तुम्हाला सोडलं तर पुन्हा कॉलेज रोडच निवडाल. आणि पन्नास तीन नाहीच.