अनुभव धागा: आयर्लंडमधलं समलिंगी आयुष्य – कायदा, शेजारी आणि आपली माणसं

धागाकर्ती, डब्लिन

आयर्लंडमध्ये १९९३ पर्यंत दोन पुरुषांमधले संबंध हा गुन्हा होता. त्याच देशाने २२ मे २०१५ ला जनमत घेऊन, ६२ टक्के मतांनी, समलिंगी विवाह थेट राज्यघटनेत घातला. जनमताने हे करणारा जगातला पहिला देश. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यावर जी चर्चा झाली ती 'आपल्यात असलं काही नसतं' इथे येऊन थांबली, म्हणून हा धागा. तिथे राहणाऱ्यांनी, राहून आलेल्यांनी, ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी लिहा. स्वतःचं, घरच्यांचं नाव नको. 'हे नैसर्गिक आहे का' यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा.

डब्लिन, आयटी

जनमताच्या वेळी मी नुकताच आलो होतो. मत फक्त आयरिश नागरिकांना, त्यामुळे आम्ही प्रेक्षक. विजेच्या खांबांवर हो-नाहीचे फलक, आणि कार्यकर्ते दारोदार. माझी घरमालकीण सत्तरीची, रोज चर्चला जाणारी. दारात आलेल्या पोराला तिने सरळ विचारलं, "तू स्वतः तसा आहेस का?" तो हो म्हणाला. "मग तुझी आई काय म्हणते?" त्यावर तो उंबऱ्यातच जे बोलायला लागला ते चहा होईपर्यंत. तिने मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. पण निकाल टीव्हीवरच्या चर्चांनी नाही, असल्या उंबऱ्यांवर लागला असं माझं मत आहे. ४३ मतदारसंघांपैकी एकट्या रॉसकॉमन-साउथ लीट्रिमने नाही म्हटलं.

निकालाच्या दिवशी डब्लिन कॅसलच्या अंगणात तुफान गर्दी होती. मीही होतो. मी गे आहे हे तेव्हा ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं, आणि पुढेही बरेच दिवस नव्हतं. भारतात समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या धाकात हॉस्टेलचे दिवस काढलेले, सवय कुठली जाते.

कॉर्क, नर्स

सगळे तरुणांचं लिहितात, मी म्हाताऱ्यांचं सांगते. आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा होते. जन्मभर एका 'मित्रा'बरोबर राहिलेले. फॉर्मवर जवळचे नातेवाईक म्हणून पुतण्याचं नाव. मित्र रोज दुपारी येऊन त्यांची दाढी करायचे. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग फेस, मग हनुवटीखालची कातडी दोन बोटांनी ताणून सावकाश वस्तरा. ते बघितल्यावर विचारायचं काही उरत नव्हतं.

नागरी जोडीदारीचा (लग्नाशिवाय नातं सरकारदरबारी नोंदवायचा) कायदा २०१० चा, लग्नाचा २०१५ चा. दोघांनी काहीच केलं नाही. 'आता कशाला कागद.' १९८२ मध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू पार्कात डेक्लन फ्लिन या तरुणाला मारून टाकलं, आणि मारणाऱ्या पोरांना कोर्टाने निलंबित शिक्षा देऊन घरी सोडलं. ज्यांनी ती बातमी ऐन तारुण्यात वाचली त्यांना कागदावर नाव लावायची धास्ती असणारच. शेवटी आजोबांच्या सहीने फॉर्म बदलून घेतला. पुतण्या म्हणाला, "बरं झालं, मलाच लाज वाटत होती."

नाशिक, मुलाची आई

मुलाचं लग्न डब्लिनला झालं, जोडीदार आयरिश. सरकारी लग्न सोमवार ते शुक्रवारच लागतं, त्यामुळे मुहूर्त रजिस्ट्रारनेच काढला म्हणायचा. तिथल्या विधीत धार्मिक काही चालत नाही, म्हणून मंगलाष्टकं नंतर हॉलवर. मुंडावळ्या मी दोघांसाठी नेल्या होत्या. मुलाच्या सासूला गाठ काही जमेना, सारखी सुटायची, शेवटी तिने स्वतःच्या केसांतल्या पिना काढून लावल्या.

आमचे हे आले नाहीत, तिकीट काढून ठेवलेलं असून. अजूनही फोनवर विचारतात, "तो कसा आहे?" मी मुद्दाम विचारते, "कुठला तो?" मग खोकतात.

गॉलवे, दोघी आया

मी साताऱ्याची, ती इथली. जन्म मी दिला. गर्भधारणेचे उपचार आयर्लंडमधल्याच क्लिनिकमध्ये आणि शुक्राणूदात्याची ओळख नोंदवलेली, म्हणून मुलीच्या जन्मदाखल्यावर दोघींची नावं पालक म्हणून लागली. ही सोय ४ मे २०२० पासून. मैत्रिणींनी परदेशात उपचार घेतले, त्या अडकल्या. लग्न झालं म्हणजे सगळं मिळालं असं समजू नका.

शाळेचं मला टेन्शन होतं, इथल्या सुमारे ९० टक्के प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या. मुख्याध्यापिकेने अर्जावरचं 'वडील' खोडलं, वर 'पालक २' लिहिलं आणि डबा कसला देणार ते विचारलं. साताऱ्यात मात्र मी एकटी आई आणि ती पाहुणी.

मालवण

वराड आमच्या तालुक्यातला गाव. लिओ वराडकरांचे वडील मूळचे तिथले. आरोग्यमंत्री असताना, जानेवारी २०१५ मध्ये स्वतःच्या वाढदिवशी, लिओंनी रेडिओवर सांगितलं की मी गे आहे. २०१७ ला आयर्लंडचे पंतप्रधान. २०१९ संपता संपता गावात येऊन गेले. 'आपलो झिल पंतप्रधान झालो' ह्याचा कौतुक सगळ्यांका, बाकीचा कोण काय बोलूक नाय. पोटात घातलं म्हणा की डोळेझाक म्हणा. माझ्या एका चुलतभावाचं लग्नाचं अजून 'बघणं चालू आहे', तेही कोण बोलत नाही.

डब्लिन, टॅला

वर सगळं छानच लिहिलंय, पण स्लायगोत एप्रिल २०२२ मध्ये दोन गे पुरुषांचे त्यांच्याच घरांत खून झाले, आणि द्वेषगुन्ह्यांचा कायदा लागू व्हायला २०२४ चा डिसेंबर संपावा लागला. त्यात जुलै २०२५ मध्ये आमच्या टॅलातच एका भारतीयाला बेदम मारलं. तेव्हापासून मला जोडीदाराचा हात धरून चालायची भीती नाही वाटत, एकट्याने चालायची वाटते. तो गोरा आहे. तो बरोबर असला की मला कुणी वळूनही बघत नाही.

धागाकर्ती

नाशिकच्या ताई, मुंडावळ्यांचा फोटो चेहरे झाकून टाकाच. व्यक्तिगत निरोपातून ज्यांनी कागदपत्रांचं विचारलंय त्यांच्यासाठी: लग्नाच्या किमान तीन महिने आधी नोटीस द्यावी लागते, फी २०० युरो. जन्मदाखला भारतातून अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून आणा, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्रही. ते करताना नियोजित वधूचं नाव विचारलं तर गडबडू नका, तो रकाना लागत नाही. लिम्रिक, वॉटरफर्डकडचं कुणी आहे का?