‘रोगमुक्त रोपे’ लिहून पूर्ण गुण मिळाले, पण आमची बाग उपटावी लागली: चूक पुस्तकाची की वाचण्याची?

प्रश्न – दहावीची विद्यार्थिनी, रावेर तालुका

नमस्कार. माझा प्रश्न केळीविषयी आहे की विज्ञानाच्या पुस्तकाविषयी, हे मलाच नीट ठरवता येत नाही, म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

जूनच्या अखेरीस वडिलांनी ऊती संवर्धनाची (प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतीच्या तुकड्यापासून वाढवलेली), म्हणजे आमच्याकडे सगळे ‘टिश्यूची’ म्हणतात ती, रोपे आणून मृगबाग लावली. श्रावणात पंधरा दिवस ऊन दिसले नाही. पोळ्याच्या आधी पानांवर पिवळसर पट्टे उमटू लागले आणि काही झाडांचा पोंगा, म्हणजे मधले गुंडाळलेले कोवळे पान, उलगडण्याआधीच आतून कुजला. शेजारच्या काकांनी बांधावरूनच सांगितले की हा हरण्या आहे. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात या रोगाच्या विषाणूचे ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ असे नाव होते आणि रोगट झाडे उपटून नष्ट करावीत असा सल्ला होता. त्याआधी वडिलांनी दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविकाची पुडी आणून फवारली होती. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही हे मी शाळेत शिकले आहे, पण रोग विषाणूचा आहे हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर ठाऊक असते तरी वडिलांसमोर बोलले असते की नाही, सांगता येत नाही.

रोगट झाडे उपटता उपटता निम्मी बाग रिकामी झाली, तेव्हा उरलेलीही मोडून टाकावी लागली. दिवाळीनंतरच्या चाचणीत ‘ऊती संवर्धनाचे फायदे लिहा’ असा प्रश्न आला. मी ‘रोगमुक्त रोपे मिळतात’ असे लिहिले आणि मला पूर्ण गुण मिळाले. लिहिताना हात थोडा थबकला होता, एवढेच.

आता विचारायचे ते असे. पुस्तकातले वाक्य चुकीचे आहे, रोपवाटिकेने आम्हाला फसवले, की या दोहोंच्या मध्ये काही आहे जे मी वाचलेच नाही? आणि दुसरे, अलैंगिक प्रजननाने झालेली संतती जनकासारखी हुबेहूब असते असे आम्ही शिकलो. मग टिश्यूची सगळी झाडे एकसारखी असताना काहीच आजारी का पडली? झाडे उपटली जात असताना मी ओळीनुसार आकडे वहीच्या मागच्या पानावर टिपले होते. पहिल्या फेरीत बांधाकडच्या चार ओळींत निम्म्याहून अधिक झाडे गेली, मधल्या ओळींत मात्र तुरळक. त्या बांधावर आईचा गिलक्यांचा वेल आहे आणि त्याची पानेही चितकबरी झाली होती.

उत्तर १ – वनस्पतिरोगशास्त्राची विद्यार्थिनी, राहुरी

तुझ्या वहीचे मागचे पान जपून ठेव, कारण उत्तराचा बराचसा भाग तिथेच आहे.

‘रोगमुक्त’ आणि ‘रोगप्रतिकारक’ हे दोन शब्द वेगळे आहेत. प्रयोगशाळेत झाडाच्या अगदी शेंड्याकडचा, सतत विभाजन होणारा ऊतीचा तुकडा घेतात. त्या भागात विषाणू बहुधा पोहोचलेला नसतो किंवा फार कमी असतो, शिवाय ज्या मातृवृक्षावरून तुकडा घ्यायचा त्याचीच आधी विषाणूसाठी तपासणी करतात. कुकुंबर मोझॅक हा आरएनए विषाणू आहे, त्यामुळे करोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेली आरटी-पीसीआर चाचणी केळीच्या रोपांसाठीही वापरतात. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ऊती संवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था २००६ मध्ये सुरू केली, तीही याच कारणासाठी. तेव्हा पुस्तकातले वाक्य खरे आहे, पण ते रोप प्रयोगशाळेतून बाहेर पडते त्या घटकेपुरते खरे आहे. पुढे शेतात विषाणू आला तर त्याला अडवणारे त्या रोपात काहीही नसते. उलट कंदापासून वाढलेल्या झाडापेक्षा टिश्यूचे कोवळे रोप पहिल्या काही महिन्यांत या रोगाला लवकर बळी पडते, आणि हे मात्र फायद्यांच्या यादीत कुठेच येत नाही.

विषाणू आणतो तो मावा, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. गिलक्यासारख्या काकडीवर्गीय वेलींवर आणि आपल्या खानदेशात भरपूर असलेल्या कपाशीवर जो मावा बसतो, तोच याचा एक मुख्य वाहक आहे. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या एक-दोन पानांना तो तितक्याच झटपट दिला जातो. म्हणूनच कीटकनाशकाची फवारणी इथे उशिरा पडते: मावा मरतो, पण मरण्याआधी त्याने पान चाखलेले असते. शेकडो जातींच्या वनस्पतींत हा विषाणू राहू शकतो, त्यामुळे तो बाहेरून आणावा लागत नाही, आपल्याच शिवारात असतो.

आता तुझे आकडे. रोग रोपांतूनच आला असता तर आजारी झाडे साधारणपणे साऱ्या बागेत विखुरलेली दिसली असती. ती बांधाकडे दाटलेली असल्याने संशय बांधाकडे जातो. मात्र हा संशयच आहे, पुरावा नव्हे. गिलक्याच्या पानांवरचा चितकबरेपणा दुसऱ्या एखाद्या विषाणूमुळेही येतो, आणि तपासणीशिवाय नुसत्या डोळ्यांनी ते सांगता येत नाही.

उत्तर २ – केळी उत्पादक, यावल तालुका

ताईंनी शास्त्र नीट सांगितले, पण आईच्या एका वेलावर सगळे ढकलू नका. आमच्या वडिलांच्या काळी बसराई या जुन्या वाणाची केळी होती, कंद घरच्याच बागेतले असत, आणि हरण्या तेव्हाही येत असे. तेव्हा बांधावर गिलकी, काकडी, भोपळा सगळे असायचे. फरक असा की आता संपूर्ण शिवार एकाच महिन्यात कोवळ्या रोपांनी भरते आणि ढगाळ हवेत मावा उडाला की त्याला जिकडे तिकडे कोवळे पानच मिळते.

केन्याकडे कोणी पाहत नाही. निळ्या फुलांचे हे तण ठिबकच्या नळीखाली, सावलीत, कायम ओल मिळते तिथे माजते, आणि या विषाणूला ते चांगले मानवते. आमच्याकडे वेल काढला तरी रोग राहिला, कारण खाली केना होता. निंदणीची मजुरी वाचवण्याच्या नादात मीच तो ठेवला होता.

रोपवाटिकेला मात्र इतक्या सहज निर्दोष ठरवू नये. प्रमाणित रोपे असतील तर तसे लेबल असते, ते मागावे. आमच्यापैकी किती जण मागतात? गाडी आली, रोपे उतरवली, पाऊस येण्याआधी लावून टाकली, असेच चालते. आणि रोगट झाड उपटून बांधावर टाकणे म्हणजे उपटणे नव्हे, ते लांब नेऊन पुरावे किंवा जाळावे.

उत्तर ३ – निवृत्त विज्ञान शिक्षक, अमळनेर

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. झाडे एकसारखी असणे याचा अर्थ त्यांची दुर्बलता एकसारखी असणे एवढाच आहे, संसर्गाची संधी सर्वांना सारखीच मिळते असा नाही. मावा ज्या झाडावर बसलाच नाही ते झाड निरोगी राहिले, ते दैवाने, गुणाने नव्हे. एका वर्गातील चाळीस मुले सरमिसळ गुणांची असतात, म्हणून साथ आली तरी काही तगतात. तुमच्या बागेत मात्र एकच मूल हजारो वेळा बसवलेले होते.

याचे मूळ केळीच्या पेशीत आहे आणि ते तुझ्याच अभ्यासक्रमातून उलगडते. रानटी केळीत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. आपल्या खाण्याच्या केळीत तीन संच, म्हणजे ३३ आहेत. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी जोड्या लावायला गेले की तिसरा संच एकटा पडतो, युग्मके नीट तयार होत नाहीत आणि बी धरत नाही. केळे मधोमध कापल्यावर जे काळे ठिपके दिसतात ते न वाढलेल्या बीजांडांचे अवशेष आहेत. बी नाही म्हणून मुनव्यांनी, म्हणजे बुंध्याजवळ फुटणाऱ्या पिलांनी, किंवा ऊती संवर्धनानेच लागवड, आणि म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तीच नक्कल.

जगाने याची किंमत एकदा मोजली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्यातीच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या एकाच वाणाचे राज्य होते. पनामा मर या बुरशीजन्य रोगाने ते मोडले आणि १९६० च्या दशकापर्यंत त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. तुमच्याकडे जिला ‘जी-नाईन’ म्हणतात ती ‘ग्रँड नैन’ त्याच गटातली, आणि जुनी बसराईसुद्धा. आता त्या बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आहे. २०१९ मध्ये तो कोलंबियात सापडला, आणि आपल्या देशात बिहार व उत्तर प्रदेशातील बागांमध्येही त्याची नोंद झाली आहे. वर्तमानपत्रात ही बातमी आली तर ती परदेशची म्हणून पान उलटू नकोस.

चाचणीतील उत्तराविषयी मला थोडे अपराधी वाटते, कारण ही ओळ मी स्वतः वर्षानुवर्षे फळ्यावर ‘फायदे’ या मथळ्याखाली क्रमांक घालून लिहिली आहे. रावेर-यावलची मुले समोर बसलेली असताना एकदाही ‘कुठपर्यंत रोगमुक्त?’ असे विचारले नाही. बोर्डाच्या परीक्षेत तू ‘लागवडीच्या वेळी रोगमुक्त असलेली रोपे मिळतात’ असे लिहिलेस तरी तुझे गुण कोणी कापणार नाही.

प्रश्नकर्तीची नोंद

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेतून आल्यावर बांधाला गेले. केना होता, आणि तोही नेमका त्या चार ओळींच्या बाजूला, पाण्याचा वॉल्व्ह गळतो तिथे. आईला वेलाविषयी सांगितले, तेव्हा ती म्हणाली की गिलकी काढायला हरकत नाही, पण मग रोजची भाजी कशाची करायची ते शास्त्राला विचारून ये. सध्या वेल घरामागे, बागेपासून लांब लावायचे ठरले आहे. घर ते शेत किती अंतर पुरेसे आहे, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर २ मधील लेबलाची गोष्ट मी वडिलांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण रात्री त्यांनी कपाटातून रोपांची पावती काढून माझ्यासमोर ठेवली आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते नीट वाच म्हणाले. पावतीवर ‘जी-नाईन’, नगांची संख्या आणि रक्कम एवढेच आहे. पुढच्या लागवडीच्या वेळी रोपवाटिकेत मीही सोबत जाणार आहे.