अनुभव धागा: परदेशातल्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला होतात?

"दोन आठवडे अनाथ मुलांसोबत घालवा, सोबत ट्रेकिंग" अशी जाहिरात भाचीनं पाठवली आणि विचारलं, जाऊ का? मला धड उत्तर देता येईना, म्हणून हा धागा. जे गेलेत त्यांनी लिहा. समाधान किती मिळालं ते राहू द्या. दिवसभर काम काय होतं, पैसे कोणाकडे गेले, मुलं कुठून आली होती, हे हवंय. वाईट अनुभवात संस्थेचं नाव नको.

चकलीभाजणी: काठमांडू, २०१५ च्या भूकंपानंतर. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. गटातल्या युरोपीय मुली मात्र टुरिस्ट व्हिसावर आलेल्या, आणि त्यावर बिनपगारी कामही चालत नाही हे त्यांना तिथे पोचल्यावर कळलं. माझ्याकडे इंग्रजी शिकवणं. आधीच्या प्रत्येक पाहुणीनं "व्हॉट इज युअर नेम" शिकवून झालेलं. मला बरं वाटावं म्हणून पोरं मुद्दाम चुकायची!

एकाला विचारलं, घर कुठे? हुम्ला. आमा (आई)? आहे. बुवा (वडील)? तेही आहेत. मग तिथल्याच एका दिदीनं सगळं सांगितलं. माओवादी संघर्षात (१९९६ ते २००६) नेपाळच्या वायव्येकडच्या कर्णाली भागातल्या हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलाल "शहरात शिकवतो" म्हणून आईबापांकडूनच पैसे घेऊन मुलं आणायचे आणि कागदोपत्री अनाथ करून टाकायचे. युद्ध संपलं तरी धंदा चालू राहिला, कारण देणगी द्यायला आमच्यासारखे येतच होते. नेपाळमधली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पर्यटकांच्या जिल्ह्यांत आहेत. अनाथ मुलं नेमकी विमानतळाच्या आसपासच कशी जन्मतात?

रानजाई: पण ताई, शिक्षण तर मिळालं ना त्यांना?

चकलीभाजणी: काहींना मिळालं, नाही म्हणत नाही. पण शाळेसाठी आईबाप सोडावे लागावेत का?

हिशेबनीस: सीएम रीप, कंबोडिया. अंकोरवाट पाहायला येणाऱ्यांसाठी काही बालगृहांतली मुलं संध्याकाळी अप्सरा नृत्य करायची, मग डबा फिरायचा. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहं ७५ टक्क्यांनी वाढली, आणि दर चार मुलांपैकी साधारण तिघांचे आई किंवा वडील हयात होते. मी गेलो ते मुलांना घरी परत पोचवणाऱ्या संस्थेत, हिशेब लावायला. घरी परतलेल्या मुलाच्या आईला शिलाई मशीन, गणवेश, तांदूळ, यांची व्हाउचरं. मुलं जवळजवळ दिसलीच नाहीत. फोटो एकही नाही. बायको म्हणाली, "रजा काढून दुसऱ्या ऑफिसात बसून आलास."

रानजाई: सगळेच झोडपताय म्हणून लिहिते. मी केनियात होते. पहिल्याच दिवशी चिमुरडी धावत येऊन गळ्यात पडली. ते प्रेम खोटं होतं का?

डॉक्टरकाका: खोटं नाही हो. पण अनोळखी माणसाच्या गळ्यात पहिल्याच मिनिटाला पडणारं तीन वर्षांचं मूल दिसलं की मला काळजी वाटते. आपल्या घरातलं मूल आधी आईच्या मागे लपतं.

मी इंग्लंडमधून १९९० च्या दशकात औषधांच्या ट्रकबरोबर रुमानियाला जायचो. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूनं १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, पोसता न येणारी मुलं संस्थांत येत गेली, आणि १९८९ मध्ये त्याची राजवट पडली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. लोखंडी पाळणे, त्यात स्वतःच स्वतःला झुलवणारी मुलं. रडणं कमी, कारण रडून कोणी येत नाही हे त्यांना कळलेलं. पुढे बुखारेस्टमध्ये २००० पासून संस्थांतल्या १३६ मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निम्मी मुलं सांभाळायला दुसऱ्या कुटुंबांत दिली, बाकीची संस्थांतच राहिली. वयाची दोन वर्षं व्हायच्या आत कुटुंबात गेलेली मुलं सर्वांत जास्त सावरली. तेव्हा रानजाई, तुम्ही निघालात त्या दिवशी त्या पोरीला तुमच्या जागी कोण मिळालं? आणि पंधरा दिवसांनी तेही गेलं असेल. माणूस टिकत असेल तिथे जा, नाहीतर मुलांना सांभाळणाऱ्या तिथल्या कायमच्या बायकांना काही शिकवून या. आमच्या फिजिओथेरपिस्टनं तेच केलं. अपंग मुलाला भरवताना मान कशी धरायची, एवढंच. ते उरलं.

रानजाई: पटलं असं नाही. विचार करते.

हिंदीवाला: अथेन्स. एकट्या आलेल्या अल्पवयीन निर्वासित मुलांच्या निवाऱ्यात दुभाष्या. पाकिस्तानी पोरांशी आपली हिंदी मस्त जुळते, काही अफगाण पोरंही हिंदी सिनेमे पाहून बोलतात. (शाहरुखबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती.) काम रटाळ: दवाखाना, वकील, आश्रयाच्या अर्जाचे कागद. जागा नसली तर अशा मुलांना "संरक्षणासाठी" पोलीस कोठडीत ठेवायचे, ते कायद्यानं २०२० च्या शेवटी बंद झालं. मुलांना वाढदिवस नको असायचा. अठरा पूर्ण झाली की निवारा सुटतो. एकानं मला विचारलं, तारीख पुढे ढकलता येते का? वकिलाला विचारून सांगतो म्हणालो.

चकलीभाजणी: पोलीस पडताळणी मागितली होती का तुमच्याकडे? आमच्याकडे पासपोर्टची झेरॉक्सही कोणी घेतली नव्हती.

हिंदीवाला: हो, भारतातून मागवायला लावली. ती येईपर्यंत आत पाऊल ठेवू दिलं नाही.