लँडिंगला आलेलं विमान परत वर नेलं, चाकाचा प्रॉब्लेम होता म्हणे. मग लगेच उतरवलं का नाही?

द्राक्षबाग_निफाड:
मंडळी, गेल्या आठवड्यात आईला घेऊन दिल्लीहून ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, येत होतो, तिचा पहिलाच विमानप्रवास. खाली आपल्याकडच्या बागा दिसायला लागल्या, मी तिला कादवा नदी कुठे दिसते का ते दाखवतोय, तेवढ्यात पोटाखाली धडधड आवाज झाला, म्हटलं चाकं उघडली. आणि मिनिटाभरात इंजिनाचा आवाज एकदम वाढला, पाठ सीटला चिकटली आणि विमान परत वर! बराच वेळ कोणी काही बोलेना. मग पायलटने सांगितलं की चाकाच्या इंडिकेशनचा प्रॉब्लेम आहे, चेक करतोय. पाऊण तास घिरट्या, आईची रामरक्षा तीनदा म्हणून झाली. शेवटी उतरलो, शेजारून फायरच्या गाड्या पळत होत्या, पण झालं काहीच नाही. घरी आल्यावर आई म्हणते, "खाली आलोच होतो की रे, बिघडलं होतं तर परत वर कशाला नेलं?" मला काही सांगता येईना. गाडी बिघडली तर आपण आधी कडेलाच घेतो ना? कोणी जाणकार आहे का इथे?

ओझर_रिटायर्ड:
३० वर्षं इथल्या विमान कारखान्यात हायड्रॉलिक्सवर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेवर, काढली, पॅसेंजर विमान माझा विषय नाही पण चाकाची गोष्ट सगळीकडे सारखीच. कॉकपिटमध्ये लिव्हर खाली केला की चाकं उतरतात, उतरून लॉक झाली की दिवे हिरवे लागतात, साधारण तीन, प्रत्येक पायाला एक. एक जरी लागला नाही तरी पायलटला कळायला मार्ग नाही की चाक अडकलंय, लॉक बसला नाही, सेन्सर खोटं बोलतोय का नुसता दिवा गेलाय. आम्ही विमान जॅकवर उचलून चाकं पुन्हा पुन्हा आतबाहेर करून बघायचो, तेव्हाही चाक मस्त खाली आणि दिवा बंद असं झालेलंय, पण तिथे आम्ही खाली उभं राहून डोळ्यांनी बघू शकत होतो. हवेतल्या पायलटला ती सोय नाही.
आणि हायड्रॉलिक गेलं तरी चाकं अडकून पडत नाहीत बरं का. बोइंग ७३७ मध्ये कॉकपिटच्या जमिनीत एक झाकण असतं, त्याखाली तीन हँडल, ओढली की वरचे लॉक सुटतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने पडतात. एअरबस ए३२० ला फिरवायचं हँडल असतं. आईंना सांगा, विहिरीत बादली सोडावी तसं.

उजवी_सीट:
मी को-पायलट आहे, नाशिकरोडचाच. आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे, पण गाडी कडेला घेता येते, विमान थांबत नाही हाच फरक. जमिनीपासून १००० फुटांवर असलात तर टेकायला जेमतेम दीड मिनिट उरतं. त्यात चेकलिस्ट काढायची, वाचायची, हँडल ओढायचं, केबिन क्रूला सांगायचं, हे होतच नाही. म्हणून वर जायचं, त्याला गो-अराउंड म्हणतात, आणि ती आमच्याकडे नेहमीची गोष्ट आहे. ओझरच्या उत्तरेला सातमाळा डोंगररांग आहे, त्यातला धोडप किल्ला साडेचौदाशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथे आधी नीट उंची घ्यायची आणि मग बाकी सगळं.
वर गेल्यावर कामं वाटून घ्यायची. एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने चेकलिस्ट. हे आमच्या डोक्यात इतकं का बसवतात, तर १९७२ ला मायामीला उतरताना एका ट्रायस्टार प्रवासी विमानाचा पुढच्या चाकाचा दिवा लागला नाही, ते वर गेले, २००० फुटांवर ऑटोपायलट लावला आणि अख्खा क्रू त्या दिव्याच्या मागे लागला. कोणाचा तरी धक्का लागून ऑटोपायलटने उंची सोडली, विमान हळूहळू खाली येत राहिलं आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही. रात्र, खाली दलदल, १०१ माणसं गेली. चाक खाली होतं हो, बल्ब उडाला होता.

शंकासुर_सिडको:
मग पाऊण तासच का? तुम्ही म्हणता वेळ घ्या, तर दोन तास घ्यावेत की.

उजवी_सीट:
इंधन असलं तर घेतातही. २००५ ला लॉस एंजेलिसला एका ए३२० चं पुढचं चाक आडवं अडकलं होतं, ते मुद्दाम दोनेक तास फिरले, कारण या विमानात इंधन हवेत ओतून द्यायची सोय नसते, जाळूनच वजन कमी करावं लागतं. उतरताना ठिणग्यांचा नुसता पाऊस, पण कोणाला खरचटलं नाही.
उलटंही झालंय. १९७८ ला पोर्टलंडला चाकाचीच भानगड, कॅप्टन सगळी तयारी अगदी नीट करत बसला, कॉकपिटमधला फ्लाइट इंजिनियर इंधन कमी होतंय सांगत होता पण ठासून नाही, आणि तासाभराने चारही इंजिनं बंद. १० जण गेले. तेव्हापासून कॅप्टनला ज्युनियरने स्पष्ट टोकायचं हेही ट्रेनिंगमध्ये आलं. म्हणून घिरट्या सुरू करतानाच आम्ही आकडा ठरवतो, एवढं इंधन उरलं की चाक असो नसो, उतरायला निघायचं.

शंकासुर_सिडको:
ते ठीक, पण मग प्रवाशांना लगेच सांगायला काय होतं? लोकांचा जीव टांगणीला!

उजवी_सीट:
आधी विमान, मग कुठे जायचं, मग एटीसी म्हणजे खालचा हवाई वाहतूक कंट्रोल, मग तुम्ही. नंबर शेवटचा आहे, मान्य. पण दोन वाक्यं केबिन क्रूने तरी बोलायला हवी होती, ते चुकलंच.

द्राक्षबाग_निफाड:
सगळ्यांना धन्यवाद. आईला वाचून दाखवलं. बल्बचं ऐकून गप्प बसली, मग म्हणाली आपला पण बल्बच गेला होता का ते विचार. ते मला कोण सांगणार? बाकी बादलीचं तिला फार पटलंय, काल मावशीला फोनवर तेच सांगत होती, फक्त तिच्या गोष्टीत ते हँडल पायलट खिडकीतून हात बाहेर काढून ओढतो.